पंचनामा आणि शुल्काचा निम्मा वाटा

2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातील गावे पुराखाली गेली. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने नांदेड-लातूरकडील सोयाबीन शेतातच कुजले. नेमके हेच दिवस महाविद्यालयांत शुल्क भरण्याचे असतात.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. मुलींना 2024-25 पासून पूर्ण माफी मिळाली, हे स्वागतार्हच आहे. तथापि खुल्या प्रवर्गातील मुलाच्या माथी उरलेला निम्मा वाटा तसाच आहे. साडेसात लाख मिळविणारा पगारदार आणि दोन एकर कोरडवाहूचा धनी या दोघांनाही तो सारखाच. याला समता म्हणावयाचे असेल तर आम्ही अर्थशास्त्र व्यर्थच शिकविले!

उत्पन्नाचा दाखला सरलेल्या वर्षाचे सांगतो, पंचनामा चालू वर्षाचे. दोन्ही कागद महसूल खात्याचेच, बहुधा एकाच तलाठ्याच्या हातून गेलेले. परंतु शुल्काच्या हिशेबात दुसऱ्याला किंमत नाही. अमेरिकेची शिक्षणव्यवस्था विद्यार्थ्यास कर्जात बुडविणारी आहे. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही, घरची परिस्थिती पालटल्याचे पुरावे मिळाल्यास साहाय्याचा फेरविचार करण्याचा अधिकार तेथील कायद्याने महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यास दिला आहे. तेथे विद्यार्थी रीतसर पत्र लिहून अधिक साहाय्य मागतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडे बाप पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन संस्थाचालकाच्या दिवाणखान्यात उभा राहतो. अनेकदा पुढारी आणि संस्थाचालक एकच असतात. मिळालेली सूट उपकार ठरते आणि तिची परतफेड मतदानाच्या दिवशी मागितली जाते.

म्हणून साथींनी चिठ्ठ्या मिळवून देण्याचे काम थांबवावे. पूरग्रस्त विद्यार्थ्यांना एकत्र करून, पंचनाम्याच्या प्रती जोडून, सामुदायिक लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरविलेला आकडा मागावा, त्याहून अधिक एक रुपयाही विनापावती देऊ नये. उरलेल्या निम्म्या रकमेचे हप्ते पुढील सुगीपर्यंत पाडून घ्यावेत. शासनाकडे मागणी एकच असावी: पंचनामा झालेल्या कुटुंबाचा निम्मा वाटा त्या वर्षापुरता शासनाने भरावा. विद्यापीठ नांदेडला आहे, त्याचे उपकेंद्र लातूरला. पहिला मोर्चा कोठे न्यावयाचा ते तेथील विद्यार्थ्यांनीच ठरवावे.