भरलेले दिवस कोणी मोजायचे?

बाईला दिवस गेले की घरातल्या म्हाताऱ्या बोटांवर महिने मोजू लागतात. आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांना त्याच वेळी दुसरेही दिवस मोजावे लागतात, कामावर भरलेले. बाळंतपणाच्या रजेचा पगार हवा असेल, तर बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात ही अट होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. ८० दिवस म्हणजे काही फार नव्हेत. पण हजेरीची वही बाईच्या हातात नसते, आणि सगळं तिथेच अडतं.

मंगल (नाव बदललं आहे) एका पॅकिंगच्या कारखान्यात कंत्राटदाराकडून कामाला होती. नव्या संहिता लागू होण्याआधीची ही गोष्ट. सव्वा वर्ष काम झालं होतं. सहावा लागेपर्यंत तिनं कोणाला कळू दिलं नाही, कारण तिच्या आधी दोघींचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. शेवटी सांगितलं, तर सुपरवायझर ओरडला नाही. उलट मायेनं म्हणाला, "मंगलबाई, खोके उचलायचं काम आहे. तुमच्याच भल्यासाठी सांगतो, उद्यापासून घरी आराम करा." हा आराम अर्थातच बिनपगारी. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती परत गेली, तर वॉचमननं गेटवरच सांगितलं, यादीत नाव नाही.

"तुमच्याच भल्यासाठी" हे शब्द मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकले आहेत, की हल्ली ते ऐकले की मी आधी कागद मागते.

कायदा मंगलच्या बाजूनं होता. बाळंतपणाच्या रजेवर असताना बाईला कामावरून काढता येत नाही. गंभीर गैरवर्तनाचा ठपका नसेल, तर गरोदरपणात काढलं तरी तिचे पैसे बुडत नाहीत. पहिलंच मूल, म्हणजे २०१७च्या दुरुस्तीनुसार २६ आठवड्यांचा पगार. आम्ही कामगार कार्यालयात अर्ज दिला. कंत्राटदाराचा माणूस आला आणि म्हणाला, "ही बाई अधूनमधून यायची. आमच्या मस्टरवर हिचे ५२ दिवस आहेत."

मंगलकडे नेमणूकपत्र नव्हतं. पगार रोख, आणि सही त्यांच्याच वहीत. ईएसआयमध्ये तिचं नाव घातलेलंच नव्हतं. घातलं असतं आणि वर्गणी भरली असती, तर बाळंतपणाचे पैसे महामंडळानं दिले असते. त्या थोड्या वर्गणीसाठी कंत्राटदारानं हे सगळं केलं.

तेव्हा मंगलनं पिशवीतून कालनिर्णय काढलं. त्यावर दुधाचे खाडे, गॅसची तारीख, भिशीचे पैसे, आणि कामावर गेलेल्या प्रत्येक दिवशी पेनाची एक बारीक टिंब. जादा पाळी केली असेल तर दोन. मी तिथेच बसून मोजलं. मागच्या बारा महिन्यांत १७८ दिवस भरत होते. साहेबांनी पानं उलटली आणि विचारलं, "हे पुरावा म्हणून चालतं होय?"

माझा वाद नेमका इथे आहे. कामगार कपातीच्या खटल्यांत २४० दिवस भरल्याचं कामगारानं सिद्ध करायचं, त्याचं नुसतं शपथपत्र पुरेसं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये म्हटलं. २००५मध्ये त्याच न्यायालयानं हेही मान्य केलं की रोजंदारीवरच्या माणसाकडे नेमणूकपत्र किंवा पगाराची पावती बहुधा नसतेच. त्यानं साक्षीला उभं राहावं आणि मालकाकडून मस्टर मागवावं. पण मस्टर मालकच लिहितो, आणि हवं तसं लिहितो. दिवसांबद्दल वाद झाला आणि मालकापाशी बाईच्या सहीचं नेमणूकपत्र, पगारपावती नसेल, तर बाईचाच आकडा खरा धरावा, असं कायद्यातच का लिहू नये? ज्यानं वही ठेवायची त्यानं ती नीट ठेवली नाही, तर त्याचं नुकसान त्याचं. नव्या संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे, हे चांगलंच झालं. पण न देणाऱ्याचा दावा जोवर कोसळत नाही, तोवर कंत्राटदार ते का देईल?

यावर आमच्यातल्याच काही जणी म्हणतात, कायदा फार ताणला तर मालक बायकांना घेणारच नाहीत. ही भीती खोटी नाही. ईएसआय नसेल तिथे रजेचा सगळा पगार एकट्या मालकावर पडतो, म्हणून तो लग्न झालेल्या मुलीकडे संशयानं बघतो. हा भार सगळ्यांच्या वर्गणीतून उचलायला हवा. पण त्या भीतीपोटी मंगलनं गप्प बसावं, हे मला पटत नाही. दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर चर खणणाऱ्या, रस्ते करणाऱ्या बायका गप्प बसल्या नाहीत, म्हणून ८ मार्च २०००ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मस्टरवरच्या बाईलाही हा लाभ मिळालाच पाहिजे. तिथे त्यांची युनियन पाठीशी होती. युनियन नेहमी असते असंही नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ऑड्री डिकोस्टा यांना पुरुष स्टेनोपेक्षा कमी पगार होता, आणि कंपनी बोट दाखवत होती ते युनियनशी झालेल्या कराराकडेच. १९८७मध्ये त्या जिंकल्या.

मंगल जिंकली नाही, हरलीही नाही. तिसऱ्या तारखेनंतर कंत्राटदारानं १५ हजार पुढे केले. मी म्हटलं, घेऊ नकोस, तुझे याच्या कितीतरी पट निघतात. ती म्हणाली, "ताई, तारखेला यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी जाते, आणि बाळाला शेजारणीकडे ठेवावं लागतं. तुम्ही लढा म्हणता, पण तुमचा पगार चालू असतो." तिनं पैसे घेतले. मला राग आला होता, तो दोन-तीन दिवस टिकला.

आता ती दुसरीकडे कामाला आहे. तिथल्या हजेरीच्या वहीचा दर आठवड्याला मोबाईलवर फोटो काढते. मागच्या महिन्यात केंद्रात आली होती. वस्तीत फिरणाऱ्या आमच्या कार्यकर्त्या चहा घेत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत तिनं सहज विचारलं, "ताई, यांचं मस्टर कोण ठेवतं?"

आमच्या सहा कार्यकर्त्यांना आम्ही पगार देत नाही, "मानधन" देतो. नेमणूकपत्र एकीकडेही नाही. गेल्या वर्षी त्यांतली एक बाळंत झाली, तेव्हा आम्ही तिला फुलं आणि झबलं दिलं. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मी हा विषय घातला आहे.