जुन्या जहाजावर खोली घेतांना

वडीलधाऱ्यांना जलपर्यटन सोसेल काय, अशी पृच्छा आम्हांस वारंवार होते. २०२१ सालीं मुंबईहून सुटूं लागलेलें ‘एम्प्रेस’ हें जहाज फ्रान्समध्यें १९९० सालीं बांधलेलें. लांबी २११ मीटर, उतारू सुमारें १६००. आजच्या अवाढव्य जहाजांपुढें तें मध्यमच. त्या काळच्या रीतीप्रमाणें खोल्या लहान, सज्जा थोड्यांनाच. चौघांच्या ट्रंका आंत नेल्या तर माणसांनीं बाहेरच उभें राहावयाचें!

खोली भाव पाहून नव्हे, जागा पाहून घ्यावी. तराजूचीं पारडीं वरखालीं होतात, पण दांडीचा मध्य जागेवर राहतो, जहाजाचेंही तसेंच. सासूबाईंना मळमळीचा त्रास असल्यास खालच्या मजल्यावर, मध्यभागीं खोली मागावी. वरचा सज्जा तरुणांनीं खुशाल घ्यावा.

संकटसमयींचा सराव मात्र कोणीं चुकवूं नये. २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉंकॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हां नुकत्याच चढलेल्या शेंकडों उतारूंचा सराव व्हावयाचाच होता. त्या अपघातांत ३२ माणसें गेलीं. आपल्या मंडळींनीं कोठें जमावयाचें तें ठिकाण आजोबांना पहिल्याच संध्याकाळीं प्रत्यक्ष नेऊन दाखवावें; लिफ्टनें नव्हे, जिन्यानें.