मामा, जरा सर्व्हर रिस्टार्ट करा ना!

आपल्या कॉलेजात सर्व्हरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे, आणि त्या औषधाचं नाव मामा. प्रोजेक्ट रिपोर्ट अपलोड होत नाही? मामांना सांगा. लायब्ररीचा कॅटलॉग उघडत नाही? मामा आहेत ना! होस्टेलवर ऐन सबमिशनच्या रात्री लॅबचा सर्व्हर हँग झाला, की रेक्टर सरांकडून मामांना फोन. मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन येतात, बटण दाबून धरतात, मशीन बंद करतात, परत चालू करतात आणि म्हणतात, “बघा आता.” आणि खरंच चालू होतं! आपण खूष, मामा घरी. सर्व्हर बंद का पडला, हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही.

मित्रांनो, माझं म्हणणं सरळ आहे. मामा रात्री येऊन जे काम करतात, ते करण्याची सोय सर्व्हरच्या डब्यातच असते. आपण ती बसवत नाही. आणि नुसती बसवली तरी काम निम्मंच होतं. उरलेलं निम्मं माणसानंच करायचं असतं.

आधी ही सोय काय आहे ते बघू. होस्टेलचा वॉचमन रात्री काठी आपटत फिरतो. काठीचा आवाज येतोय तोवर आपण निवांत झोपतो. आवाज बराच वेळ आला नाही, तर कोणीतरी उठून बघायला हवं. सर्व्हरच्या मदरबोर्डवर असंच एक उलटं मोजणारं घड्याळ असतं. त्याला वॉचडॉग टायमर म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर ठरावीक वेळानं ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, म्हणजे काठी आपटतो. सिस्टिम गोठली की काठी थांबते, घड्याळ शून्यावर येतं आणि हार्डवेअर स्वतःच मशीन रिसेट करतं. कॉम्पॅकच्या प्रोलायंट सर्व्हरवर ह्याला ‘ऑटोमॅटिक सर्व्हर रिकव्हरी’, थोडक्यात एएसआर, असं नाव होतं. 2002 साली कॉम्पॅक एचपीत विलीन झाली, तरी नाव तेच राहिलं. त्या मशिनांवर हे घड्याळ साधारण 10 मिनिटांवर लावलेलं असे.

ह्याच कुटुंबातला दुसरा भाग म्हणजे हेल्थ मॉनिटरिंग. पंखे किती वेगानं फिरतायत, प्रोसेसरचं तापमान किती, दोनपैकी एक पॉवर सप्लाय गेलाय का, मेमरीत दुरुस्त केलेल्या चुका वाढतायत का, हे सगळं बोर्डवरचे सेन्सर मोजतात आणि ड्रायव्हर आपल्यापर्यंत पोचवतो. घडलेल्या गोष्टींची नोंद बोर्डवरच्या लॉगमध्ये राहते, हार्ड डिस्क गेली तरी राहते.

आता बसवायचं कसं? इथे बरेचजण घाई करतात. आधी मशीनचं मॉडेल आणि पिढी बघा. प्रोलायंटच्या नवव्या पिढीपर्यंत लिनक्सवर एचपी-हेल्थ नावाचं पॅकेज टाकायची पद्धत होती. दहाव्या पिढीपासून ते चालत नाही. तिथे तब्येतीवर लक्ष ठेवायचं काम बोर्डवरची आयएलओ चिप स्वतःच करते. घड्याळासाठीचा ड्रायव्हर मात्र लिनक्सच्या कर्नलमध्येच येतो. दुसऱ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर बहुधा आयपीएमआय चालतं. ते 1998 साली इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी ह्यांनी मिळून ठरवलेलं मानक आहे. आणि सर्व्हर म्हणून साधा पीसीच ठेवला असेल, तर इंटेलच्या चिपसेटमध्ये बहुधा घड्याळ असतंच. अगदीच काही नसेल तर कर्नलचा ‘सॉफ्टडॉग’ आहे, पण तो सॉफ्टवेअरचा कुत्रा. कर्नल पूर्ण मेला की त्याच्याबरोबर तोही मेला.

पॅकेज टाकलं म्हणजे झालं, असंही नाही. उबुंटूत वॉचडॉगचे बहुतेक मोड्यूल आपोआप लोड होऊ नयेत म्हणून ब्लॅकलिस्टमध्ये ठेवलेले असतात. म्हणजे कुत्रा घरात आहे, पण कोंडलेला. शिवाय घड्याळाला किल्ली देणारा प्रोग्राम एकच असावा लागतो, दोघे आले तर दुसऱ्याला दार बंद. म्हणून बसवल्यावर चाचणी घ्यायलाच हवी. रविवारी, बॅकअप काढून, मुद्दाम कर्नल पाडा आणि मशीन आपोआप उठतं का ते घड्याळ लावून बघा. ही चाचणी न घेता “रिकव्हरी बसवली” म्हणणं म्हणजे प्रॅक्टिकल न करता जर्नल पूर्ण करण्यासारखं आहे. (त्यात आपला हात कोण धरणार, ते सोडा!)

आता खरा मुद्दा. आपोआप होणारा रिसेट हा मामांच्या बटणाइतकाच आडदांड असतो. डेटाबेस लिहिता लिहिता मध्येच मान धरली, तर फाइल अर्धवट राहू शकते. आणि ड्रायव्हर काठी आपटतोय म्हणजे घर सुरक्षित आहे, असंही नाही. कर्नल जिवंत असतो, पण त्याच्यावरचा डेटाबेस मेलेला असतो. तेव्हा कुत्रा निवांत, पोरं हवालदिल. म्हणून खरी सेवा चालतेय का हे तपासूनच घड्याळाला किल्ली द्यावी. लिनक्सच्या वॉचडॉग डीमनमध्ये तशी स्क्रिप्ट लावता येते.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. मशीन रात्री तीनदा पडलं, तीनदा उठलं आणि सकाळी सगळं छान चालू दिसलं, तर पंखा गेलाय हे कळणार कोणाला? आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, अशातली गत. मामा होते तेव्हा निदान “काल दोनदा यावं लागलं” अशी तक्रार तरी करत होते. घड्याळ तक्रार करत नाही.

अंतराळातली दोन उदाहरणं बघा. 1994 च्या मे महिन्यात अमेरिकेच्या क्लेमेंटाइन यानाचं सॉफ्टवेअर बिघडलं, थ्रस्टर 11 मिनिटं चालू राहिला आणि इंधन संपलं. यान चंद्राचं काम आटोपून जिओग्राफोस नावाच्या लघुग्रहाकडे जायचं होतं, ते राहिलंच. हार्डवेअरमध्ये वॉचडॉगची सोय होती, पण ती वापरात आणलेली नव्हती. उलट 4 जुलै 1997 ला मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर. तेही काही दिवसांनी वारंवार रिसेट होऊ लागलं, कारण त्याचा कुत्रा जागा होता. पण तिथल्या इंजिनिअरांनी “उठतंय ना परत, मग झालं” असं म्हटलं नाही. त्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या मशीनवर तीच परिस्थिती उभी केली, नोंदी तपासल्या आणि दोष पकडला. हवामानाचं कमी महत्त्वाचं काम एक म्युटेक्स अडवून बसत होतं आणि त्यापायी सगळ्यात महत्त्वाचं काम ताटकळत होतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपराला आपण जे ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ पाठ करतो ना, तेच! प्रायॉरिटी इनहेरिटन्सची सोय इथून मंगळावर चालू करून पाठवली आणि दुखणं गेलं. कुत्र्यानं यान वाचवलं, पण रोग नोंदींनी बरा केला.

काहीजण म्हणतील, आता सगळं क्लाउडवर चाललंय, हा उपद्व्याप कशाला? अहो, क्लाउडवरही हेच असतं. तिथे त्याला हेल्थ चेक म्हणतात, इतकंच. कंटेनर आपोआप रिस्टार्ट होतो आणि का झाला हे तिथेही माणसालाच बघावं लागतं. म्हणजे हे आत्ता शिकलेलं वाया जात नाही.

स्टाफमधल्या काहींना वाटेल, पोरांच्या हातात सर्व्हर रूम द्यायची? मी किल्ली मागत नाहीये. मी तीन गोष्टी मागतोय. एक, प्रत्येक सर्व्हरवर हेल्थ ड्रायव्हर आणि वॉचडॉग बसवून, चाचणी घेऊनच तो कामाला लावावा. दोन, त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरं मशीन असावं, कारण पडलेला माणूस “मी पडलोय” असं पत्र लिहीत नाही. नागिऑस किंवा झॅबिक्स फुकट मिळतं आणि एखादा जुना पीसी त्याला पुरतो. तीन, लॉग वाचायची पाळी लावावी. थर्ड इयरच्या दोघांनी आठवड्याला अर्धा तास बसावं आणि सरांनी खाली सही करावी.

आपल्या प्रत्येक लॅबला डेड स्टॉक रजिस्टर असतं. त्यात सर्व्हरची किंमत, खरेदीची तारीख, सगळं असतं. त्याच्या शेजारी दोनशे पानी एक साधी वही ठेवा: कधी पडला, का पडला, काय केलं. ह्यातला ‘का’चा रकाना रिकामा राहिला, तर सही करू नका. पुढच्या पी.एल.च्या आधी एवढं झालं तरी पुष्कळ आहे.