हद्दीबाहेरचे शहर

शिरूर नेमके कोठे संपते, याचे उत्तर नगरपरिषदेच्या नकाशात आहे; पुणे-अहिल्यानगर महामार्गावर ते सापडत नाही. घोडनदीकाठच्या या गावाची वाढ झाली ती कारेगाव, रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या ग्रामपंचायतींत. दौंडचेही तेच. रेल्वे जंक्शनचे शहर एकीकडे आणि रासायनिक कारखान्यांचे कुरकुंभ दुसरीकडे. २०११ च्या जनगणनेत शिरूर शहर ३७ हजारांचे, तर दौंड ५० हजारांच्या आसपास. मराठवाडा, विदर्भ, बिहारमधून येणारा कामगार या आकड्यांत फारसा दिसत नाही. तो शेतकऱ्याने शेताच्या बांधावर बांधलेल्या खोल्यांत भाड्याने राहतो. तेथे रेखांकन नाही, गटार नाही, आणि पाण्याचा टँकर हीच नळयोजना.

एमआयडीसीच्या कुंपणाआत एमआयडीसीच नियोजन प्राधिकरण, कुंपणाबाहेर ग्रामपंचायत, त्यावर २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि पलीकडे नगरपरिषद. वसाहत एक, कारभारी चार. या दोन्ही तालुक्यांचा काही भाग कवेत घेणाऱ्या पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये आला आणि २०२५ मध्ये रद्द झाला. खोल्या मात्र आराखड्याची वाट पाहत थांबल्या नाहीत.

शहर आणि त्याचा परिसर एकाच कारभाराखाली कसा आणता येतो, हे पाहण्यासाठी चीनकडे पाहावे. तेथील मध्यम शहराच्या प्रशासनात आसपासचे तालुके, शेती आणि कारखाने एकत्र येतात. २०१५ मध्ये ‘स्पंज शहर’ योजनेसाठी निवडलेल्या पहिल्या १६ शहरांत वुहानबरोबर छीचौ, पिंगश्यांग अशी फारशी कोणाला ठाऊक नसलेली शहरेही होती. पावसाचे ७० टक्के पाणी जागच्या जागी मुरवायचे वा वापरायचे, हे उद्दिष्ट. पण जुलै २०२१ मध्ये चंगचौ शहरात एका तासात २०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि ‘स्पंज शहरा’ची कामे केलेले हे शहरही बुडाले. शिवाय चिनी नगरप्रशासनांचा खजिना जमिनीच्या हक्कांच्या विक्रीवर भरत होता; घरबांधणीचा फुगा फुटताच तो आटला. ते अर्थकारण आपल्याला नकोच. आपल्याकडे सातबारा शेतकऱ्याच्या नावावर आहे आणि त्याला भागीदार केल्याशिवाय नियोजन होणार नाही. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनीच जमिनी एकत्र करून शहर उभारले. तो अनुभव याच जिल्ह्यातला आहे.

पाण्याच्या बाबतीत तर हद्दी हास्यास्पद ठरतात. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेस मिळते, भीमा दौंडवरून उजनीत जाते. म्हणजे पुण्याचे मैलापाणी वाटेत दौंडला भेटूनच पुढे सरकते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी दौंड-हवेलीच्या शेतीला देण्याची योजना आहे. त्या पाण्याचा दर्जा दौंडने तपासून घ्यावाच, आणि पुण्याला जाब विचारताना स्वतःच्या गटारांचा हिशेबही तयार ठेवावा. कुरकुंभच्या परिसरात विहिरींच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी होत असताना भूजलाची नियमित तपासणी आणि तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, एवढे तरी कोणत्याही आराखड्याविना होऊ शकते.

सरकारची घाई दिसते ती रस्त्यांत. पुणे-शिरूर उन्नत मार्गासाठी हजारो कोटींची भाषा होते. दौंडकर मात्र रेल्वेमार्गाखालच्या कुरकुंभ मोरीतून वाट काढत शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जातात. पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण २०१७ मध्ये झाले, तरी खऱ्या अर्थाने लोकल म्हणता येईल अशी सेवा नाही. उन्नत मार्गावरून पुण्याला लवकर पोहोचता येईल, हे खरे. पण शिरूरमध्ये राहण्यासारखे काही उरले, तर त्या मार्गाची गरजच कमी भासेल.

रांजणगावच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योग संकुलासाठी केंद्राने २०२२ मध्ये ४९२.८५ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. येथे किंवा कुरकुंभला यापुढे एकही नवा भूखंड देण्यापूर्वी एमआयडीसीने कामगारांची घरे कोठे होणार, त्यांचे सांडपाणी कोणत्या केंद्रात जाणार आणि पिण्याचे पाणी कोठून येणार, हे शेजारच्या नगरपरिषदेसह आणि ग्रामपंचायतींसह लेखी ठरवावे. ठराव होईपर्यंत वाटप थांबवावे.