खोक्याची गाडी आणि आपली लाज

घरात नवा मिक्सर आला की लहान पोरं आधी त्याच्या खोक्यावर झडप घालतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सकाळी त्या खोक्याची गाडी होते, दुपारी दुकान, संध्याकाळी घर. जत्रेतून आणलेली चावीची मोटार मात्र दोन दिवसांत कोपऱ्यात पडते. मोटार ही मोटारच राहते. खोक्याचे काय करायचे ते पोराला स्वतः ठरवावे लागते. ठरवताना डोके चालते, हाताला वळण लागते, सवंगड्यांशी बोलता बोलता भाषा वाढते.

तरीही आपण ते खोके हिसकावून घेतो. "कचऱ्यात काय खेळतोस?" म्हणून ओरडतो. यामागे आपली जुनी जखम आहे. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला गावाचे टाकाऊ आले, उतरलेले कपडे आले. म्हणून आपल्या लेकरांच्या हाती नवे, विकतचेच असावे, असे आम्हालाही वाटत आले. त्यात चूक काही नाही. पण लादलेले टाकाऊ वेगळे आणि आईने धुऊन-पुसून, निवडून लेकराला दिलेली वस्तू वेगळी.

ही काही गरिबांची तडजोडही नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. त्यांनी बिया, खडे, शंख-शिंपले, पाने अशा परिसरातल्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. अंगणवाडीची कल्पना याच कामातून पुढे आली.

घरात एक पेटी करा. खोकी, मोठी झाकणे, करवंट्या, कापडाचे तुकडे, जुन्या वाट्या, सुतळी तीत ठेवा. पण तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोके, मणी, बटणे, नाणी देऊ नका. ती घशात अडकून श्वास कोंडतो. सुतळी मोठ्यांच्या नजरेसमोरच द्या. औषधाचे, रंगाचे, फवारणीचे डबे नकोत. रिमोटमधला चपटा सेल गिळला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

अशी एक पेटी विहारातही ठेवता येईल. रविवारी मोठी माणसे वंदनेला बसली की पोरं बाजूला खेळतील.

आणि पोर खोक्यात बसून "आई, ही आगगाडी" म्हणाले, तर हातातला मोबाइल बाजूला ठेवा आणि विचारा, "कुठे निघाली?"