वडील म्हणवणारीं दोन मुलें

गेल्या आषाढांत एका सोमवारीं आम्ही सहकुटुंब लोणावळ्याहून मळवलीस उतरून कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेच्या दर्शनास गेलों होतों. आमच्या आत्याबाईंचा जुना नवस फेडावयाचा राहिला होता. मावळांतला पाऊस म्हणजे काय, हें या बाजूस एकदां तरी आलेल्या वाचकांस सांगावयास नको. पायऱ्या संपतात न संपतात तोंच अशी सर कोसळली कीं, छत्र्या असून नसल्यासारख्या झाल्या व आम्हीं देवळाच्या मंडपाचा आसरा घेतला.

तेथें आमच्या आधींच दोन तरुण निथळत उभे होते. वयें एकोणीस-वीस; अंगांत पांढरे सदरे, आणि खिशावर काळी पट्टी. पट्टीवर आडनांव, व त्याच्या आधीं ‘एल्डर’ ही पदवी. एल्डर म्हणजे वडील! मिसरूड धड न फुटलेल्या पोरांस वडील म्हणावयाचें, याचें आमच्या घरच्या मुलांस फार हसूं आलें. चौकशी करतां कळलें कीं, हे मॉर्मन पंथाचे प्रचारक. त्यांतला एक गोदावरीकांठचा तेलुगु मुलगा, दुसरा नेपाळांतल्या डोंगरी गांवचा. सोमवार त्यांचा मोकळा वार. कपडे धुणें, बाजारहाट, केंस कापणें हीं कामें आटोपून उरल्या वेळांत ते लेणीं पाहावयास आले होते.

आत्याबाईंनीं लगेच फिरकींतला चहा पुढें केला. दोघांनीं हात जोडले. चहा, कॉफी, मद्य, तंबाखू हीं चारही त्यांच्या पंथांत १८३३ सालापासून वर्ज्य! भर पावसांत चहा नको म्हणणारा माणूस आत्याबाईंनीं जन्मांत पाहिला नव्हता. क्षणभर त्यांस तो अपमानच वाटला. पण नेपाळी मुलानें चिक्कीचा तुकडा आपण होऊन मागून घेतला, तेव्हां त्यांची समजूत पडली.

मग बोलणीं निघालीं. या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यानें अमेरिकेंत १८३० सालीं केली. त्यांच्यांतील मुलगे अठराव्या वर्षानंतर दोन वर्षें, व इच्छा असलेल्या मुली दीड वर्ष, प्रचारास जातात. कोठें जावयाचें हें मुलानें ठरवावयाचें नाहीं. मध्यवर्ती कचेरीचें पत्र येईल तो देश आपला. खर्चाचा वांटा स्वतः वा घरच्यांनीं उचलावयाचा. सकाळीं साडेसहाला उठणें, व्यायाम, प्रार्थना, ग्रंथवाचन, मग बाहेरचें काम. रात्रीं साडेदहाला दिवे मालवणें. सिनेमा नाहीं, प्रेमाच्या गोष्टी नाहींत. आणि सर्वांत कठीण नियम म्हणजे जोडीदाराला सोडून कोठें एकट्यानें जावयाचें नाहीं. हा जोडीदारही नेमून दिलेला, व कांहीं आठवड्यांनीं बदलणारा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस माणसांची गर्दी नवी नाहीं; परंतु स्वभाव न जुळणाऱ्या एकाच माणसाशीं चोवीस तास बांधून घेणें ही निराळीच तपश्चर्या होय.

“दारोदार फिरतां काय?” असें आम्हीं जरा कडकपणें विचारलें. “नाहीं. कोणी बोलावलें तर जातों,” असें तेलुगु मुलगा म्हणाला. आमच्या स्वरांतला कडकपणा त्याच्या ओळखीचा असावा.

हा पंथ आपल्या मुलखांत नवा मात्र नव्हे. ह्यू फिंड्ले नांवाचा स्कॉटिश मॉर्मन १८५२ सालीं मुंबईस उतरला व पुढच्या वर्षीं त्यानें पुण्यास मूठभर लोकांची शाखा काढली. आगगाडी तेव्हां नुकती ठाण्यापर्यंत पोंचली होती. बोरघाटांतला लोहमार्ग व्हावयास १८६३ साल उजाडलें. मुंबईहून पुण्यास जाणाराची वाट पनवेल, खोपोली, खंडाळा अशी, १८३० सालीं गाड्यांस योग्य झालेल्या घाटरस्त्यानें. तेव्हां फिंड्लेही हा घाट चढूनच आला असला पाहिजे. पुण्यास लष्करी अधिकाऱ्यांनीं त्याला छावणींत उपदेश करण्यास मनाई केली. गोऱ्यांचा पाद्री गोऱ्यांसच नको झाला! अमेरिकेहून कलकत्त्यास आलेल्या त्याच्या पंथबंधूंचेंही तेंच झालें, आणि १८५६ पर्यंत बहुतेक सारे हात हलवीत परत गेले. घरचें पत्र येण्यास त्यांना महिनेच्या महिने वाट पाहावी लागे.

ही हकीकत त्या मुलांस ठाऊक नव्हती. ती ऐकून तेलुगु मुलगा कांहीं वेळ घाटाच्या दिशेनें पाहत राहिला.

मंडपाशेजारींच तें १२४ फूट लांबीचें चैत्यगृह. त्याच्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांचीं नांवें दाते म्हणून कोरलेलीं आहेत. येथें पावसाळा काढणारे भिक्षुही घर सोडूनच आलेले होते. बुद्धानें आपल्या पहिल्या भिक्षूंस एका वाटेनें दोघांनीं जाऊं नये असें सांगितलें. येशूनें आपल्या शिष्यांस दोन-दोन करून धाडलें. आमच्या मुलांनीं यावर बराच वाद घातला. आत्याबाईंचा कौल येशूकडे पडला, कारण तापानें फणफणलेल्या पोराला पाणी तरी कोण देणार!

धर्मांतराविषयीं आमच्या मनांत अढी आहे, ती लपविण्याचें कारण नाहीं. रेव्हरंड टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले तेव्हां लक्ष्मीबाईंच्या जिवाची झालेली कालवाकालव ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेंच मनांत धरून आत्याबाईंनीं विचारलें, “तुझ्या घरीं सगळेच या धर्मांत गेले कां रे?” मुलगा म्हणाला, “नाहीं अम्मा. वडील गेले. आजी अजून तुळशीला पाणी घालते. प्रार्थनेला ती येत नाहीं. पण मी निघालों तेव्हां वेशीपर्यंत आली होती.” आजी सध्यां अंथरुणाला खिळली होती. परतावयास त्याला अजून अकरा महिने होते.

पूर्वीं या मुलांस घरीं वर्षांतून दोनदांच फोन करतां येई. २०१९ पासून आठवड्यास मुभा आहे, आणि त्यांचा वार हाच. मंडपांत मात्र फोन लागेना. मुलगा पुनःपुन्हां तो उंच धरून पाहत होता.

“खालीं गाडीतळाशीं लागेल. जा, आधीं आजीशीं बोल,” आत्याबाई म्हणाल्या.

नेपाळी मुलानें अजून लेणें आंतून पाहिलेंही नव्हतें. त्यानें एकवार त्या मोठ्या कमानीकडे दृष्टि टाकली, उरलेली चिक्की खिशांत घातली आणि जोडीदाराच्या मागोमाग पावसांत पायऱ्या उतरूं लागला.