जुनी गाडी : किमतीवर घासाघीस, व्याजावर मौन

कुरकुंभच्या चौकातून एक रस्ता दौंडला, एक बारामतीला जातो आणि पुणे-सोलापूर महामार्ग तर दारातच. आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या कापडवाल्यांना, कारागिरांना या भागात गाडीशिवाय धंदा जड जातो. एस.टी.च्या टपावर गठ्ठा टाकण्याचे दिवस गेले. म्हणून महिन्याला पंधरा-वीस हजार सुटणारा दुकानदारही आज जुनी ओम्नी नाहीतर ईको शोधतो. ओम्नी २०१९ मध्ये बनायची बंद झाली, तरी तिला गिऱ्हाईक आहे. गाडी जरूर घ्यावी. आमची तक्रार आहे ती घेण्याच्या रीतीबद्दल.

थान घेताना आपण ते उजेडात नेतो, काठ उलगडतो, बोटांनी चोळतो. तोच माणूस गाडी मात्र दिवेलागणीला, एजंटाच्या घाईने, पॉलिश बघून पसंत करतो! गाडी सकाळी पाहावी, इंजिन थंड असताना. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मालक "टायर नवेच आहेत" म्हणाला तर त्याला तो आकडा दाखवावा आणि टायरचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या असतील, गालिच्याखाली चिखल असेल, तर गाडी पुरात बुडालेली समजावी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात पाणी भरले, तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे सर्वांनी पाहिले आहे.

एवढे करून पाच हजार कमी केले की आपण खूश. पुढे फायनान्सवाल्यासमोर मात्र तोंड उघडत नाही. तो म्हणतो, "बारा टक्के फ्लॅट." दोन लाखांवर तीन वर्षांचे व्याज झाले ७२ हजार, हप्ता सुमारे ७,५५६ रुपये. हेच बारा टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता सुमारे ६,६४३ आणि व्याज ३९ हजारांच्या आसपास. मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, पण फ्लॅटवाला शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवर व्याज धरतो. त्याचे बारा टक्के म्हणजे खरे एकवीसच्या वर. पाच हजार वाचवले आणि तेहतीस हजार घालवले, याला हिशेब म्हणत नाहीत.

व्याजाचा प्रश्न आपल्याकडे दीनचाही आहे. बिगरव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवले, तेव्हा बँकेत तो मार्ग नाही. राहते ती ओळखीतली भिशी, नातेवाइकांकडून कर्जे-हसना किंवा दोन वर्षे थांबून रक्कम जमवणे. ज्याचा बाजार ठरलेला आहे, त्याने थांबावे असे आमचे मत आहे. तोवर भाड्याचा टेम्पो स्वस्त पडतो. ज्याला थांबता येत नाही, त्याने निदान एकूण परतफेडीचा आकडा लेखी मागावा.

आता कागद. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची चाल सर्रास आहे. विकणाऱ्याने यात फार सावध असावे. नाव बदलले नाही आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आर.सी.वरच्या मालकावर येते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर मालकाने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. दौंड तालुक्याचे काम बारामतीला, एम.एच. ४२ कडे. गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज असेल, तर फायनान्स कंपनीची सही असलेला फॉर्म ३५ आणि तिचा दाखला हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेली ई-चलने पाहावीत, विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. नो-क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. तेव्हा त्याच्या हप्त्याचा आकडा ऐकून विम्याचा खर्च धरू नये.